दोन किल्ल्यांची खोली

दार लागल्याचा आवाज ऐकून हेडकॅशियरना अगदी धन्य वाटलं. धाड नाही, खटाक् नाही. आधी एक मऊ सुस्कारा आणि मग आत कुठेतरी खोलवर 'टक्'. असा आवाज त्यांनी आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकला होता, बँकेच्या तिजोरीच्या दालनात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तो आवाज त्यांच्या कानांतून निवृत्त झाला नव्हता.

"ऐकलंस?" ते बायकोला म्हणाले.

"काय?"

"दार लागलं."

"दारं लागतातच," काकू म्हणाल्या. त्या सगळ्या गल्लीच्या काकू होत्या. त्या वेळी त्यांच्या दोन्ही बगलांत उशा होत्या आणि वेताच्या खुर्च्यांवर त्या कशा ठेवायच्या याचा काकू विचार करत होत्या. "ती कुंडी कोपऱ्यात ठेवा. पोरगी आल्या आल्या तिकडेच बघणार."

हेडकॅशियरनी कुंडी कोपऱ्यात ठेवली, दोन पावलं मागे येऊन बघितली, पुन्हा थोडी सरकवली. घराच्या मागच्या अंगणात उभी राहिलेली ही नवीकोरी काचेची खोली उन्हाने काठोकाठ भरली होती. थंडीचे दिवस होते. बाहेर लोक स्वेटर घालून फिरत होते आणि इथे मात्र कसं छान ऊबदार होतं. समाधानाने हात झटकत ते म्हणाले, "चल, तुझी किल्ली काढ. आत जाऊ."

"माझी किल्ली? ती स्वयंपाकघरात आहे की. चहाच्या डब्यामागे."

हेडकॅशियरनी आपली किल्ली खिशातून काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवली.

त्याचं असं होतं, की बँकेत तिजोरी एकट्या माणसाला कधी उघडता येत नाही. एक किल्ली एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघं शेजारी शेजारी उभे राहिल्याशिवाय दार हलत नाही. या एका नियमावर हेडकॅशियरनी सगळी नोकरी निभावली होती आणि जगातल्या निम्म्या भानगडी लोक हा नियम पाळत नाहीत म्हणून होतात असं त्यांचं ठाम मत होतं. तेव्हा काचेची खोली बांधायची ठरल्यावर त्यांनी पहिला विचार उन्हाचा नाही, चोरांचा केला. काच फोडून चोर खोलीत आला, तर? येऊ दे. पण तिथून घरात शिरता कामा नये. म्हणून खोली आणि घर यांच्यामधलं दार घराच्या बाजूने नुसती मूठ फिरवली की उघडायचं, पण खोलीच्या बाजूने उघडायला दोन किल्ल्या, त्याही एकाच वेळी. वर दार आपोआप लागण्यासाठी स्प्रिंग. अंगणात उघडणाऱ्या दारालाही तेच कुलूप, तिथे तर दोन्ही बाजूंनी.

"साहेब, बसायच्या खोलीला असलं कुलूप कोणी लावत नाही," काचवाला मिस्त्री म्हणाला होता.

"म्हणूनच चोरांना त्याची सवय नसते," हेडकॅशियर म्हणाले होते.

"आणि आपणच अडकलो तर?" काकूंनी विचारलं होतं.

"आपल्याकडे किल्ल्या असतील ना!"

तर आता त्यांच्याकडे एक किल्ली होती. स्वयंपाकघर समोर होतं. दाराच्या काचेतून चहाचा डबा दिसत होता. डब्याशेजारी दोघांचे फोनही दिसत होते. चार्जिंगला लावलेले, एकमेकांना चिकटून, सुखी संसारासारखे.

"काच फोडू या," काकूंनी सुचवलं.

"फुटणार नाही. मिस्त्रीने हातोडी मारून दाखवली होती. हातोडीच उडाली."

"मग ओरडू या."

यावर हेडकॅशियरनी खाली मान घातली, कारण खरा घोळ तिथेच होता.

पण त्याआधी लेकीचं सांगायला हवं. त्यांची एकुलती एक लेक शहरात नोकरी करायची आणि गेलं वर्षभर तिने आईबापांच्या मागे एकच धोशा लावला होता: हे घर विका आणि माझ्या बिल्डिंगमध्ये या, तुमच्यासाठी एक फ्लॅट धरून ठेवलाय. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, रात्री-अपरात्री काही झालं तर मी दोन मजल्यांवर आहे. "तिकडे तुम्ही दोघंच. एखाद्या दिवशी अडकून पडाल कुठेतरी आणि मला कळणारही नाही," असं ती म्हणायची. हेडकॅशियरना तिची काळजी कळत होती, पण या घरातून निघायचं म्हटलं की त्यांचा पाय उचलायचा नाही. कोणती फरशी हलते, कोणत्या खिडकीत किती वाजता ऊन येतं, सगळं त्यांना पाठ होतं. शेवटी त्यांनी ही खोली बांधायला काढली. म्हातारपणी सुद्धा आपण आपलं नीट करू शकतो, नवीन काही उभारू शकतो, हे तिला दिसावं म्हणून. आणि भरीस भर म्हणून फोनवर शब्दही देऊन बसले: "शनिवारी ये. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. या घरातली एक जरी गोष्ट आम्हाला झेपत नाही असं तुला दिसलं, तर मी स्वतः बॅग भरीन."

आज शनिवार होता. लेक निघाली होती. ती येणार म्हणून पुढचं दार नुसतं लोटून ठेवलेलं होतं.

"आता बॅगा आधी भरायच्या की नंतर?" काकू म्हणाल्या.

"तू गप्प बस जरा. मी विचार करतोय."

"विचार कसला करताय? ते बघा मास्तर. बोलवा त्यांना."

कुंपणापलीकडे शेजारचे मास्तर मोठी कात्री घेऊन मेंदी छाटत होते. मास्तर म्हणजे शाळेतले कवायतीचे शिक्षक. निवृत्त झाले होते, पण छातीवरची अदृश्य शिट्टी अजून काढली नव्हती. वर्षानुवर्षं हेडकॅशियर आणि मास्तर संध्याकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून बुद्धिबळ खेळले होते. पट कुंपणाच्या खांबावर असायचा. मग खोलीचा पाया खणला गेला आणि मास्तरांनी मिस्त्री, गवंडी आणि दोन गाड्यांचे ड्रायव्हर यांच्या देखत आपल्या मैदानी आवाजात विचारलं, "हेडकॅशियर, हौद बांधताय का? मासे कोणते सोडणार?" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मास्तर स्वतः हसले. त्या दिवसापासून अबोला. आणि हेडकॅशियरनी मिस्त्रीला बोलावून सांगितलं, की काच एकेरी नको, दुहेरी लाव. खर्च होऊ दे, पण त्या माणसाचा आवाज म्हणून माझ्या कानावर येता कामा नये.

मिस्त्री आपल्या कामात चोख होता. आवाज येत नव्हता. आणि जी काच आवाज आत येऊ देत नाही ती बाहेरही जाऊ देत नाही, हे हेडकॅशियरच्या आत्ता, या क्षणी, लक्षात आलं. हवेसाठी छताजवळ एक जाळी होती खरी, पण तिचं तोंड आकाशाकडे होतं. काकूंनी तिच्याखाली उभं राहून दोनदा "मास्तर!" अशी हाक मारली. छपरावरचा एक कावळा उडाला.

"मी नाही त्याला बोलावणार," हेडकॅशियर म्हणाले.

"बरं. मग पोरीलाच दाखवू. बाबा किती छान कोंडले गेलेत ते."

हेडकॅशियर पुढे झाले आणि काचेवर टकटक करू लागले.

मास्तरांनी वर बघितलं नाही. मागच्या गल्लीतून कुत्रं फिरवणाऱ्या एक बाई चालल्या होत्या, त्यांनी मात्र बघितलं. हेडकॅशियरनी दोन्ही हात हलवले. बाईंनीही हलवले. काकूंनी दाराकडे बोट दाखवलं. बाईंनी दाराकडे बघून 'वा वा, फारच सुरेख' अशा अर्थाची मान हलवली. मग त्यांनी फोन काढून दोघांचा एक फोटो घेतला, अंगठा दाखवला आणि कुत्र्यामागून निघून गेल्या.

"हसलात कशाला फोटोला?" काकू करवादल्या.

"सवय असते माणसाला!"

आता मास्तरांखेरीज कोणीच उरलं नव्हतं. हेडकॅशियरनी मानापमान गिळला आणि खोलीच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले. या वेळी मास्तरांनी बघितलं. बघून लगेच तोंड फिरवलं. अबोला म्हणजे अबोला. पण चारदोन पानं छाटून होताच त्यांची मान पुन्हा इकडे वळली, कारण त्यांना जे दिसलं होतं ते सहन होण्यासारखं नव्हतं. त्या माणसाची कोपरं वाकडी होती.

मास्तरांनी अख्ख्या हयातीत हजारो पोरांची कोपरं सरळ केली होती. वाकडं कोपर बघितलं की त्यांना दात दुखल्यासारखं व्हायचं. त्यांनी कात्री खाली ठेवली, पाय जुळवले आणि अबोला न मोडता, चेहरा दगडासारखा ठेवून, दोन्ही हात सरळ वर नेले. मग आडवे. मग खाली.

"अगं, हा मला कवायत शिकवतोय!"

"करा. तो करतोय तशी करा. इकडे लक्ष आहे तोवर सोडू नका!"

हेडकॅशियरनी हात वर केले. मास्तरांनी नाराजीने मान हलवली आणि पुन्हा करून दाखवलं. हेडकॅशियरनी पुन्हा केले. उन्हाने तापलेल्या त्या खोलीत त्यांच्या कपाळावरून घाम निथळू लागला. हात आडवे करताना ते मध्येच दाराकडे खूण करत, हवेत किल्ली फिरवत, काकू शेजारून हात जोडत. पण या सगळ्यातून मास्तरांना एवढंच कळत होतं, की विद्यार्थ्याचं मनगटही ढिलं आहे. शेवटी त्यांना राहवेना. असल्या गोष्टी लांबून शिकवता येत नाहीत. बाह्या सारून ते ताडताड निघाले आणि दिसेनासे झाले.

"येतोय! पुढच्या दाराने येतोय!" काकू टाळी वाजवून म्हणाल्या. मग दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला आणि दोघं दाराकडे धावले. कारण ते दार आपोआप लागायचं.

मास्तर स्वयंपाकघरातून येताना दिसले. त्यांनी मूठ फिरवली. "दार धरा! दार धरून ठेवा!" दोघं ओरडले, पण दार अजून उघडलं नव्हतं, त्यामुळे ते फक्त काचेला ऐकू गेलं. दार उघडलं तसा हेडकॅशियरनी तोंडाचा नाद सोडून उजवा हात ताठ पुढे केला, तळवा समोर, कोपर सरळ. 'थांब.'

अख्ख्या सकाळीत त्यांचा तेवढा एकच हात बिनचूक झाला होता. मास्तरांनी हुकूम ओळखला आणि जागच्या जागी थांबले. दाराच्या आत एक पाऊल, टाचा जुळलेल्या. त्यांच्या पाठीमागे दाराने मऊ सुस्कारा टाकला. टक्.

दोन अबोला धरलेली माणसं एका काचेच्या खोलीत समोरासमोर उभी होती आणि बघायला तिसरीकडे कुठे जागाच नव्हती.

"वहिनी," मास्तर छताकडे बघत म्हणाले, "यांना सांगा, कोपर सरळ ठेवायला शिका म्हणावं."

"वीतभर लांब उभे आहेत. तुम्हीच सांगा," काकू म्हणाल्या. "आणि आता सांगायला भरपूर वेळ आहे. आपण तिघंही कोंडले गेलोय."

मास्तरांना आधी पटेना. त्यांनी मूठ ओढून बघितली, ढकलून बघितली. हेडकॅशियरनी खालच्या आवाजात दोन किल्ल्यांची पद्धत समजावली. मास्तरांनी ती नीट ऐकून घेतली. मग त्यांचे खांदे हलू लागले आणि ते हसले. मैदानी हसू. जे हसू बाहेर ठेवण्यासाठी दुहेरी काच घातली होती, ते आता आत होतं आणि चारही भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा हेडकॅशियरच्या कानांत शिरत होतं. काकूंनाही हसू आवरेना.

"हसा," हेडकॅशियर म्हणाले. ते खुर्चीत बसले होते आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "हसून घ्या. आता थोडेच दिवस आहेत."

"म्हणजे?"

मग काकूंनी लेकीचं सगळं सांगितलं. फ्लॅट, लिफ्ट, दिलेला शब्द आणि आजचा शनिवार. मास्तरांचं हसू मध्येच थांबलं. ते समोरच्या खुर्चीवर टेकले.

"मला कोणी काही बोललं नाही," ते म्हणाले.

"बोलत कुठे होतो आपण," हेडकॅशियर म्हणाले.

मास्तरांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. मुलांना ओरडायची सवय असलेल्या माणसाला हळू बोलणं जड जातं, पण त्यांनी प्रयत्न केला. "तुम्ही गेलात तर मी काय करायचं? पलीकडचा तो नवीन शेजारी, त्याला घोडा अडीच घरं जातो हेसुद्धा माहीत नाही." थोडं थांबून म्हणाले, "हौद म्हणालो ते माझं चुकलं."

"नाही हो. हौदच आहे," हेडकॅशियर चौफेर बघत म्हणाले. "आता मासेसुद्धा आहेत."

या वेळी हसले तेही. हसता हसता त्यांचे डोळे पाणावले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मास्तरांना रडकी पोरं सांभाळायची एकच रीत माहीत होती, ती म्हणजे त्यांना कामाला लावायचं. ते उठून उभे राहिले.

"ऐका! अजून काही हरलेलो नाही. पोरगी घरातून येणार. दार तीच उघडणार. तिला काही कळायचं कारण नाही. वहिनी, तुम्ही खुर्चीत, पायावर शाल. हेडकॅशियर, तुम्ही कुंडीशी, झाडाकडे बघत. मी दाराला खेटून उभा राहतो. दार उघडलं रे उघडलं, की माझा पाय फटीत. मग आपण तिघं हसतखेळत बाहेर. जणू काही झालंच नाही!"

"तुम्ही इथे कसे, असं विचारलं तर?" काकूंनी शंका काढली.

"खोली बघायला आलोय. शेजारी येत नाहीत का?"

बेत पक्का झाला. दोनदा सरावही झाला. दुसऱ्या सरावात काकूंना शालीमुळे इतकं उकडलं, की त्यांनी ती फेकून दिली. तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन उजळला आणि ओट्यावर थरथरू लागला. लेकीचा असणार. मग दुसरा फोन थरथरला. मग पहिला. मग दुसरा. तिघं काचेला नाक लावून बघत राहिले.

"घाबरली असेल हो ती," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजातलं हसू आता संपलं होतं.

लेक खरोखरच घाबरली होती. अर्धा रस्ता ती दोन्ही फोन लावत आली होती. घरापाशी पोचली तर पुढचं दार उघडं. आत हाका मारल्या तर उत्तर नाही. ओट्यावर दोन फोन आणि माणसांचा पत्ता नाही. असल्या वेळी मनात जे जे येऊ नये ते सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला मागच्या काचेत आई दिसली आणि ती धावत सुटली.

बेतात सगळ्याचा विचार केलेला होता, फक्त ती धावत येईल याचा नव्हता. तिने मूठ फिरवून अंगाचा सगळा भार दारावर टाकला. दार आतल्या बाजूला उघडलं आणि सरळ मास्तरांच्या अंगठ्यावर आलं. मास्तर 'आई गं' म्हणत एका पायावर नाचत मागे गेले. लेक तशीच आत घुसली आणि बाबांच्या गळ्यात पडली.

"फोन का उचलत नाही? का उचलत नाही तुम्ही? मला वाटलं..." पुढचं तिला बोलताच येईना. ती लहान असताना रडायची तशी, नाक ओढत रडू लागली. हेडकॅशियरनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. दार सुस्कारत होतं. मास्तरांनी लंगडत झेप घेतली.

टक्.

मग लेकीने डोळे पुसले, आईला मिठी मारली, मास्तरांकडे बघून "काका, तुम्हाला लागलं का?" असं विचारलं आणि म्हणाली, "चला आत. मला आधी पाणी हवंय."

कोणी हललं नाही.

"बाबा?"

"बस," हेडकॅशियर म्हणाले. "सांगतो."

ते सांगत असताना लेकीचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला, मग पुन्हा लाल झाला. तिने मूठ ओढली, ढकलली, दाराला एक लाथही मारली. "दोन किल्ल्या? बसायच्या खोलीला? हेच! हेच म्हणत होते मी वर्षभर! अडकून पडाल म्हणत होते की नाही?"

"म्हणत होतीस," हेडकॅशियर म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, हेच विशेष. मास्तर काही बोलायला जात होते, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं. "शब्द दिला होता मी. दार उघडलं की बॅग भरतो. माझी चूक आहे, आईची काही नाही." मग त्यांनी काचेतून आपल्या स्वयंपाकघराकडे बघितलं. रोज आतून बघितलेलं घर आज बाहेरून दिसत होतं. ओट्याशेजारची ती हलणारी फरशी, तिच्यावर पडलेलं ऊन.

लेकीच्या हातात निदान फोन होता. तिने मिस्त्रीला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं, 'मी म्हणालो होतो साहेबांना' एवढं एकच वाक्य बोलला आणि हातातलं काम आटोपून येतो म्हणाला. तोपर्यंत करायचं काय? त्यात लेकीचा फोन वाजला. ऑफिसचा.

"शनिवारीसुद्धा?" काकूंनी विचारलं. लेकीने ओठांवर बोट ठेवलं आणि ती कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बोलू लागली. तिघं म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे ओळीत गप्प बसले. मास्तर तर श्वासही जपून घेत होते. बोलता बोलता लेकीच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडत गेली. शेवटी ती फोन ठेवून म्हणाली, "आई, पलीकडच्यांना माझं एकूण एक वाक्य ऐकू गेलं. एकदाही 'काय म्हणालात?' नाही. माझ्याकडे घराच्या एका बाजूला ड्रिल मशीन चालू असतं आणि दुसऱ्या बाजूला लिफ्ट."

"पाय वर घे खुर्चीत," काकू म्हणाल्या. "जरा टेक."

"नको, मी फक्त डोळे मिटते."

डोळे मिटले आणि दुसऱ्या मिनिटाला ती झोपली. तोंड किंचित उघडं, उन्हाचा पट्टा गुडघ्यांवर. काकूंनी फेकलेली शाल उचलून तिच्यावर घातली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिघांनाही पहिल्यांदाच नीट दिसली. "किती दमलीये हो ही," काकू कुजबुजल्या. "आणि काळजी आपली करत बसते." हेडकॅशियरनी मान हलवली. त्यांना आता घरापेक्षा तिचंच जास्त वाईट वाटत होतं.

मिस्त्री आला तो शहाण्यासारखा. दार उघडून त्याने आधी फटीत आपली हत्यारांची पेटी ठेवली आणि मगच 'नमस्कार' म्हणाला. तेवढ्या आवाजाने लेक जागी झाली. तिने आळस दिला, चारही बाजूंनी बघितलं आणि अगदी सावकाश उठली.

हेडकॅशियर पेटीवरून पाय टाकून घरात गेले ते थेट माळ्याखाली. बॅग काढायला.

"काय करताय बाबा?"

"शब्द म्हणजे शब्द. भरतो बॅग."

"कशाला?" लेक म्हणाली. "तो फ्लॅट मी सोडून देते. तुम्ही नका येऊ तिकडे."

हेडकॅशियरच्या हातातून बॅग सुटली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मास्तरांनी, अंगठा ठणकत असूनही, टाचा जुळवल्या.

"मीच इथे येते राहायला," लेक म्हणाली. "ऑफिसला आठवड्यातून एकदा गेलं तरी चालतं. बाकीचे दिवस मी इथून काम करीन. त्या खोलीतून. मी इथे असले की तुम्ही अडकणार नाही आणि मला कुठे तरी शांत बसता येईल. मिस्त्रीकाका, ते कुलूप उलटं बसवा. आतून नुसत्या मुठीने उघडलं पाहिजे. घराच्या बाजूने मात्र किल्ली लागली पाहिजे. एकच किल्ली. ती माझ्याकडे राहील. कामाच्या वेळी कोणी मध्येच आत आलेलं मला चालणार नाही."

"मग आम्ही उन्हात कधी बसायचं?" हेडकॅशियरनी विचारलं.

"संध्याकाळी. सहानंतर."

सहानंतर ऊन नसतं, असं हेडकॅशियर सांगणार होते. पण काकूंनी त्यांचा हात दाबला. लेक घरी येणार होती. घर कुठेही जाणार नव्हतं. एवढं पदरात पडल्यावर उन्हावरून वाद घालणारा माणूस करंटाच म्हणायचा. मिस्त्रीने कुलूप उलटं करून दिलं. लेकीने आपली बॅग आणून थेट कुंडीशेजारी ठेवली, दोन उशा एकाच खुर्चीत रचल्या आणि दार लावून घेतलं. टक्. आतून ती काहीतरी म्हणाली, ते कोणालाच ऐकू आलं नाही.

हेडकॅशियर दाराशी उभे राहून काचेतून आपल्या उन्हाकडे बघत राहिले. मास्तर लंगडत त्यांच्या बाजूला आले.

"चला माझ्याकडे," ते म्हणाले. "पुढच्या पायरीवर अजून तासभर तरी ऊन असेल. पण आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडे काच नाही. मी बोललेलं सगळं ऐकू येईल."

"येऊ दे," हेडकॅशियर म्हणाले आणि चपला शोधू लागले.